एअर फ्रायरमध्ये चार सिऊ जमतं का? भाऊ म्हणतो, ओव्हनशिवाय नाद सोड

जमतं. चार सिऊ म्हणजे गोडसर मुरवणीत मुरवून भाजलेलं कँटनीज पद्धतीचं डुकराचं मांस, आणि त्याला ओव्हनच लागतो असं नाही. तुमच्या भावाला ओव्हनमधलंही फारसं कळत नसावं, हे मी त्याला न भेटता सांगते.

तुम्ही पुण्यात आहात, घरात चार लिटरचा एअर फ्रायर आहे, तापमान आणि वेळ किती ठेवायचा, लाल रंग कसा आणायचा, उरलेल्याचे बाओ, म्हणजे सारण भरून वाफवलेले पाव, होतील का, असं सगळं विचारलंय. सांगते. पण आधी त्या भावाच्या वाक्याचा समाचार घेऊ द्या, कारण तेच वाक्य माझे थोरले दीर मला वर्षानुवर्षं ऐकवत आले आहेत.

मी माहेरची वसईची, लग्न होऊन हाँगकाँगला आले. तिथल्या हुंग होम भागात राहतो. स्वयंपाकघर म्हणजे दोन शेगड्या, ओट्याखाली वॉशिंग मशीन आणि एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा. ओव्हन नाही. आमच्या मजल्यावर कुणाकडेच नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तिकडे लोकांना वाटतं की इथे घरोघरी चार सिऊ भाजत असतील. इथला माणूस ते विकत आणतो. भाजलेल्या मांसाची, सिऊ मेइची, दुकानं गल्लोगल्ली असतात. काचेमागे आकड्यांना हंस, कुरकुरीत सालीचं डुकराचं पोट आणि चार सिऊच्या पट्ट्या टांगलेल्या, आणि आत गोल जाड ओंडक्यावर सुरा चालू. घरी पाहुणा आला, पोराला बरे मार्क पडले, की जेवणात भर म्हणून तिथून थोडं तोडून आणायचं. पोरावर चिडलेली आई म्हणते, तुला जन्म देण्यापेक्षा चार सिऊचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं झालं असतं. आपल्याकडे धोंडा झाला असता तर पायरीला लागला असता म्हणतात, तसंच. त्यांच्यात निदान खायला तरी मिळतं.

तर घरी करणं हा मुळात परक्यांचा उद्योग. आम्हा परदेशात राहणाऱ्यांचा, आणि आता तुमचा.

दादा, म्हणजे माझे दीर, उमेदीची वर्षं मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट किचनमध्ये होते. त्यामुळे स्वयंपाकाबद्दल घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते आणि जाऊबाई आमच्याकडे सुट्टीला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं. दादा काचेसमोर देवळात उभं राहावं तसे उभे. आतली भट्टी बघायला मान वाकडी करकरून बघितली. परत येताना म्हणाले, "अगं, हे भट्टीचं काम आहे. हे घरी होत नाही." मी म्हटलं, "दादा, उद्याचं फ्रिजमध्ये मुरत पडलंय." त्यांनी विचारलं भाजणार कशात, मी एअर फ्रायरकडे बोट केलं. "हा? हा तर हेअर ड्रायर आहे!"

जाऊबाई हसल्या, नवराही हसला. नवऱ्याचं मी लक्षात ठेवलंय.

पण जरा विचार करा. दुकानातली भट्टी म्हणजे असतं काय? उभा पोलादी पिंप. आत कडेकडेने पट्ट्या लटकवलेल्या, खाली गॅस किंवा कोळसा, वर झाकण. मांस जाळावर धरलेलं नसतंच. गरम हवा चारी बाजूंनी फिरते, चरबी सुटून खाली गळते, कडा खरपूस होतात. एअर फ्रायरमध्ये वर तापलेली कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली: गरम हवा चारी बाजूंनी, चरबी खाली. तंदूर वेगळा, निखाऱ्यावरचं वेगळं, तिथे धुराची चव असते आणि ती यंत्रात येणार नाही, मान्य. पण चार सिऊची मजा धुरात नाहीच, ती साखर आणि चरबीत आहे. 2010 साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र आणलं ते कमी तेलातल्या बटाट्याच्या फ्राइजसाठी, म्हणून लोक त्यात अजून फ्राइजच करत बसलेत. घरच्या मोठ्या ओव्हनपेक्षा चार सिऊला हे जास्त मानवतं, कारण जागा लहान आणि वारा जोरात. भावाला एवढं वाचून दाखवा.

दुसऱ्या दिवशी दादा स्वयंपाकघराच्या दारात उभे. आत दोघांना जागा नव्हती म्हणून, नाहीतर आतच आले असते. पहिला आक्षेप मांसावर. मी बाजारातून मुइ थाउ आणलं होतं, म्हणजे मानेजवळचा खांद्याचा भाग, आत चरबीच्या रेघा असलेला. दादा म्हणाले, हॉटेलात आम्ही अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग, वापरायचो, स्वच्छ, एकसारखे काप पडतात. पडत असतील. अंडरकटमध्ये चरबी नाही, यंत्रातला वारा त्याचं लाकूड करतो. आमच्या वसईत नाताळच्या इंदियालला, म्हणजे डुकराच्या मांसाच्या कालवणाला, बिनचरबीचं डुकराचं मटण आणलं तर आणणाऱ्याला परत पाठवतील. इथल्या दुकानातही गिऱ्हाईक मागतं ते "बुन फेइ साउ", अर्धं चरबीचं अर्धं मांसाचं. वर कडा जळलेल्या द्या म्हणून सांगणारे वेगळेच, आणि ते शहाणे. तेव्हा खाटकाकडे खांद्याचा तुकडा मागा, चरबी साफ करून देतो म्हणाला तर हात धरा.

दुसरा आक्षेप रंगावर. इथे खरं भांडण आहे. दादांनी चार सिऊ पहिल्यांदा खाल्लं सिंगापूरला, नूडल्सवर. तिथल्या पुष्कळ ठेल्यांवर ते पातळ, बिनचरबीचं आणि कडेने लालभडक असतं. तेव्हापासून लाल म्हणजे खरं, हे डोक्यात बसलं. क्वालालंपूरला जा, तिथे नावाजलेलं चार सिऊ काळपट, चिकट, जवळजवळ जळकं असतं. हाँगकाँगला दोन्हीच्या मधलं, तांबूस तपकिरी. लाल येतो तो दोन वाटांनी. एक, नाम यू, म्हणजे लाल तांदळात मुरवलेलं सोयाबीनचं पनीर. त्या तांदळावर एक बुरशी वाढवतात आणि तिचा रंग लाल. बरणीतली वडी आणि बरणीतलंच थोडं पाणी घातलं की मुरलेल्या मांसाला विटेसारखी छटा येते, आणि एक खारट, जुनाट चव येते जी दुसऱ्या कशाने येत नाही. दुसरी वाट खायच्या रंगाची, जी पुष्कळ दुकानं वापरतात आणि दादांचं हॉटेलही वापरायचं. तुम्हाला पुण्यात नाम यू मिळालं तर घाला, नाही मिळालं तर रंगाचा नाद सोडा. बीट घालू नका. बीटाचा रंग आचेवर मळका होतो आणि मांसाला मातीचा वास येतो.

आता मुरवण. अर्ध्या किलोला: साखर 3 मोठे चमचे, हॉइसिन सॉस दीड चमचा, साधा सोया सॉस दीड, काळा दाट सोया अर्धा, ऑयस्टर सॉस अर्धा, नाम यूची एक वडी, शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी दारू) एक चमचा, पाव छोटा चमचा पंचमसाला, पांढरी मिरी, ठेचलेला लसूण. इथले जाणते शाओशिंगऐवजी गुलाबाच्या वासाची कडक दारू घालतात, तुमच्याकडे थोडी रम चालेल. साखर बघून घाबरू नका, ती कमी केलीत तर तुम्ही सोया सॉसमधलं डुकराचं मटण करताय. पंचमसाल्यात चक्रीफूल, बडीशेप, लवंग, दालचिनी आणि सिचुआनची मिरी असते. ती मिरी आपल्या तिरफळाची चुलत बहीण. घरी मसाला कुटणार असाल तर बी टाकून एखादं तिरफळाचं साल चालेल, पण बांगड्याच्या कालवणात घालतो तसं सढळ हाताने घालू नका. मांसाच्या 3 ते 4 सेंटिमीटर जाड लांब पट्ट्या कापा आणि रात्रभर फ्रिजमध्ये मुरवा.

भाजताना पट्ट्यांवरचे लसणाचे तुकडे पुसून काढा, ते आधी जळतात आणि कडू होतात. टोपलीत पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. चार लिटरच्या यंत्रात अर्धा किलोच लावा, एक किलोचा हट्ट केलात तर ते उकडेल. टोपलीखालच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी ओता, नाहीतर गळणारी चरबी तापून घरभर धूर होईल. 175 अंशांवर साधारण 18 ते 20 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. मग मध आणि माल्टोज समसमान कोमट करून वरून फासायचं, 200 अंशांवर 3 मिनिटं, उलटून परत फासायचं, परत 3 मिनिटं. माल्टोज म्हणजे धान्याचा घट्ट पाक, डबीतून ओल्या चमच्यानेच निघतो. तिकडे नसेल तर केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज घ्या, नाहीतर नुसता मध. मध सुरुवातीलाच फासायचा नाही. मधातली साखर 110 अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागते, आणि कॉइल तुमच्या मांसापासून काही बोटांवर असते. वर कोळसा आणि आत कच्चं, अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक हेच केलेलं असतं.

त्या दिवशी दादा दर दोन मिनिटांनी यंत्राचा खण ओढून आत बघत होते. खण ओढला की हवा थंड, पंखा बंद. शेवटी मी म्हटलं, "दादा, तुमच्या हॉटेलातही कुणी ओव्हन असा उघडत बसलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" ते बाहेर जाऊन टीव्हीसमोर बसले. झाल्यावर मी पट्ट्या दहा मिनिटं तशाच ठेवल्या, तेवढ्यातही त्यांनी विचारलं, थंड करून देणार का? भात, उकडलेली पालेभाजी आणि काप वाढले. दादांनी खाल्लं, परत घेतलं, आणि म्हणाले, "चव छान आहे. पण याला चार सिऊ म्हणू नकोस, गोड पोर्क म्हण. लाल कुठाय?" जाऊबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या आजी संत्री द्यायला आल्या. त्या याच भागात जन्मल्या, वाढल्या, म्हाताऱ्या झाल्या. माझं कँटनीज बाजारापुरतं आहे, त्यांच्याबरोबरची नात दुभाषी. एक तुकडा त्यांनी उभ्या उभ्या खाल्ला, दुसरा उचलताना कडेचा शोधून उचलला, आणि म्हणाल्या, चरबी बरोबर आहे, कडा अजून जळू दे. बस. लाल रंगाचं नाव नाही, हेअर ड्रायरचं नाव नाही. इथल्या म्हातारीने चूक काढली म्हणजे तिने त्याला चार सिऊ मानलं. दादा म्हणाले, पाहुणचार म्हणून बोलतात गं. पाहुणचार म्हणून कुणी कडेचा तुकडा शोधत नाही.

अजूनही घरच्या ग्रुपवर दादा दर काही महिन्यांनी स्वतःच्या ओव्हनमधल्या चार सिऊचा फोटो टाकतात. तांबडं लाल, अंडरकट, कापलेली बाजू खडूसारखी कोरडी. खाली सगळे टाळ्या वाजवतात. मी काही लिहीत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

काही गोष्टी राहिल्या. वर दिलेला वेळ माझ्या यंत्राचा आहे, तुमचं जास्त तापत असेल. मांसाचा थर्मामीटर घ्या, अंदाजपंचे करू नका. अमेरिकेच्या शेती खात्याने 2011 साली डुकराच्या अखंड तुकड्याला आत 63 अंश आणि वर 3 मिनिटं विश्रांती पुरे म्हटलंय, पण तुम्ही भारतात आहात, तिथे पट्टकृमीचा धोका खरा आहे, आणि खांद्याचं मांस तसंही 75 च्या पुढेच मऊ लागतं. तेव्हा 75 धरा. उरलेली मुरवण सॉस म्हणून ओतायची असेल तर आधी चांगली उकळा, त्यात कच्च्या मांसाचं पाणी आहे. टोपलीत कागद घातलात तर खालून वारा बंद, मग ओव्हनवाल्या भावाचंच खरं होईल. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर हा पदार्थ त्यांच्यासाठी नाही, बिनसाखरेचं चार सिऊ मला विचारू नका.

बाओ होतात. चार सिऊ बारीक चिरून, ऑयस्टर सॉस, सोया, साखर आणि पाणी कॉर्नफ्लॉवर लावून दाट करायचं, त्यात घोळवायचं, गार करून भरायचं. पीठ मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारा. आमच्या खाली गरम बाओ मिळतात, मी ते कधी मळलेलं नाही.