वाचकांचे प्रश्न : स्टिरिओ नवा, सप्लाय जुना

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या वेळी आलेल्या पत्रांत गाडीत बाहेरून बसवून घेतलेल्या स्टिरिओच्या तक्रारी अधिक आहेत. सगळ्यांचा राग स्टिरिओवर आहे. दोष मात्र बहुतेक ठिकाणी त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विजेत दिसतो, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे जुनी लहान पेट्रोल गाडी आहे. तीत नुकताच टचस्क्रीन स्टिरिओ बसवून घेतला. आवाज कमी असेपर्यंत तो व्यवस्थित चालतो, परंतु आवाज वाढवून गाण्यात ढोल वाजला की पडदा काळा होतो आणि स्टिरिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावून पाहिले, बारा व्होल्ट बरोबर येतात. दुकानदार म्हणतो, पीस बदलून घ्या. काय करावे? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : पीस बदलण्याची घाई करू नये. स्टिरिओ कमी आवाजात तासन्‌तास चालतो आणि नेमका जास्त करंट ओढताना बंद पडतो, या वर्णनावरून त्याला पुरेसा सप्लाय मिळत नसण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. मीटरवर बारा व्होल्ट दिसले, हा त्याविरुद्धचा पुरावा होत नाही. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तोटी बंद असताना नळाला दाब भरपूर असतो, तोटी उघडली की धार करंगळीएवढी येते. इथेही तसेच घडते. म्हणून व्होल्टेज मोजायचे ते स्टिरिओचा कपलर (वायरींचा प्लग) जागेवर ठेवून, कपलरच्या मागच्या बाजूने वायरीलगत मीटरची सुई सरकवून, इंजिन चालू आणि आवाज मोठा असताना. त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर किती आहे तेही पाहावे. तेथे साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट असतील, तर स्टिरिओजवळ त्याहून अर्धा व्होल्ट कमी चालेल, दोन-तीन व्होल्ट कमी चालणार नाहीत.

कमी भरले तर आधी काळ्या, म्हणजे अर्थच्या (गाडीच्या बॉडीला जोडायच्या) वायरकडे वळावे, कारण पिवळीकडे, म्हणजे बॅटरीचा सप्लाय आणणाऱ्या वायरीकडे, सगळ्यांचे लक्ष असते आणि काळीकडे कोणाचेच नसते. मीटरची एक सुई स्टिरिओच्या काळ्या वायरवर आणि दुसरी गाडीच्या बॉडीच्या उघड्या लोखंडावर टेकवून आवाज वाढवावा. तेथे 0.1-0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. एक व्होल्ट दिसला तर अर्थची जोडणी कच्ची आहे. दुसरी खूण अशी की, अँटेनाची पिन उपसताच स्टिरिओ बंद पडत असेल, तर त्याला खरी अर्थ मिळतच नाही आणि तो अँटेनाच्या वायरीवरील जाळीतून कशीबशी अर्थ घेतो आहे. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये बसलेल्या स्क्रूला काळी वायर गुंडाळण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. त्या स्क्रूचा बॉडीशी काही संबंध नसतो. बॉडीचा पक्का बोल्ट शोधून, त्याखालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडून, वायरीच्या टोकाला गोल थिंबल (धातूची कडी) दाबून ती बोल्टखाली घट्ट आवळावी.

त्यानंतर जोड पाहावेत. स्टिरिओ बाहेर ओढून पिवळ्या वायरवरची टेप उलगडा. तारा नुसत्या पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असेल, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत, त्या टेपचा चिकटा वितळून काळा ओघळ वायरीवर उतरलेला आढळेल, टेपचे टोक सुटलेले असेल आणि आत तांब्याच्या तारा काळवंडलेल्या असतील. असा जोड मीटरला फसवतो, करंटला नाही. तारा कापून नव्याने सोलाव्यात, सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) चढवावी, किंवा चांगल्या प्रतीचा क्रिंप जोड (तारा आत घालून दाबायची धातूची नळी) पक्कडीने नव्हे तर क्रिंपिंगच्या पकडीने दाबावा.

वायरच बारीक असेल तर जोड सुधारूनही भागणार नाही. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या दोन मीटर वायरमधून दहा अँपिअर गेले की त्या वायरमध्येच सुमारे 0.7 व्होल्ट खर्च होतात, आणि अर्थही तितक्याच बारीक वायरने आलेली असेल तर हा तोटा दुप्पट होतो. अशा वेळी बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी वायर आणावी. तिला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा, आणि इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारी कडी) हवेच, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. फ्यूज स्टिरिओच्या मागे लिहिलेल्या आकड्याचाच घालावा. दहाचा सारखा उडतो म्हणून तीसचा घालणे म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळण्याची सोय करणे होय.

एवढे करूनही कपलरपाशी पूर्ण आवाजात तेरा व्होल्ट टिकत असतील आणि स्टिरिओ तरीही बंद पडत असेल, तर स्पीकरच्या वायरी काढून पाहाव्यात. आजच्या स्टिरिओत स्पीकरची ऋण वायर बॉडीला जोडायची नसते. ती कुठे दारात घासून लोखंडाला लागली असेल, तर स्टिरिओ स्वतःच्या बचावासाठी बंद होतो. हेही ठीक निघाले तरच दुकानदाराचे म्हणणे मान्य करावे.

प्रश्न : नवा स्टिरिओ बसवल्यापासून गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी पूर्ण उतरते आणि धक्का मारावा लागतो. बॅटरी नवीनच आहे. बसवणाऱ्याने लाल आणि पिवळी वायर एकत्र केली आहे, हे कारण असू शकेल का? (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : असू शकेल, आणि बहुधा तेच आहे. पिवळी वायर कायम चालू असते, घड्याळ आणि सेटिंग जपण्यासाठी तिला अगदी थोडा करंट लागतो. लाल वायर चावी फिरवल्यावरच जिवंत व्हायला हवी. तीच स्टिरिओला जागे होण्याचा आणि झोपण्याचा इशारा देते. दोन्ही एकत्र केल्या की आपण बटण दाबून पडदा विझवला तरी स्टिरिओ आतून जागाच राहतो. समजा, तो अर्धा अँपिअर घेत आहे. अठ्ठेचाळीस तासांत ते चोवीस अँपिअर-तास होतात, आणि लहान गाडीची बॅटरी असते पस्तीसच्या आसपास.

खात्री करण्यासाठी बॅटरीची ऋण क्लॅम्प काढून तिच्यात आणि टर्मिनलमध्ये दहा अँपिअरच्या रेंजवर मीटर जोडावा, दारे बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग आकडा वाचावा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये, मीटरचा फ्यूज जाईल. सर्वसाधारण गाडीत हा करंट 50 मिलिअँपिअरच्या आत असतो. जास्त असेल तर स्टिरिओचा फ्यूज काढावा. आकडा झटकन खाली आला की प्रश्न सुटला. लाल वायर मग चावीवर चालणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढण्याचा जोड) लावून घ्यावी. हे काम लवकर करावे, कारण स्टार्टरसाठी बनवलेली बॅटरी पुन्हापुन्हा तळापर्यंत उतरली की नवी असली तरी तिची क्षमता कायमची घटते.

प्रश्न : दर वेळी चावी काढली की घड्याळ आणि रेडिओ स्टेशने पुसली जातात. (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : लाल आणि पिवळी उलट लागल्या आहेत. काही गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन पिनांची जागा मुळातच उलटी असते, त्यामुळे रंगाला रंग जोडूनही चूक होते. चावी काढून मीटरने पाहावे, जी वायर तेव्हाही जिवंत असेल ती स्टिरिओच्या पिवळीला जोडावी.

प्रश्न : मागच्याच वर्षीची गाडी आहे. कंपनीचा साधा रेडिओ काढून मोठा स्टिरिओ लावायचा आहे, पण इलेक्ट्रिशियनला कपलरमध्ये चावीवर चालणारी वायरच सापडत नाही. टेस्ट लॅम्प घेऊन तो एकेक वायर टोचत आहे. (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : त्यांना लगेच थांबवावे. नव्या अनेक गाड्यांत रेडिओला चालू होण्याचा इशारा वेगळ्या वायरने येत नाही, तो कॅन बस नावाच्या दोन वायरींच्या जाळ्यावरून संदेशाच्या रूपात येतो. तेथे टोचलेला टेस्ट लॅम्प मॉड्यूलमधून (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटमधून) नको तेवढा करंट ओढतो. आपल्या मॉडेलसाठी बनवलेला कॅन बॉक्स आणि तयार हार्नेस (कपलरसह वायरींचा जुडगा) घ्यावा. कॅन बॉक्स तो संदेश वाचून स्टिरिओच्या लाल वायरला बारा व्होल्ट देतो. डॅशबोर्ड उघडलेलाच आहे तर पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या कपलरला हात लावू देऊ नये, आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण क्लॅम्प काढून काही मिनिटे थांबावे.