जुना फॉल्ट दिसला की लगेच बाण काढू नकोस

तुझा नकाशा पाहिला. खचदरीच्या (जमीन ताणली जाऊन खचलेल्या पट्ट्याच्या) प्रत्येक जुन्या फॉल्टवर, म्हणजे ज्या भेगेवरून खडक सरकतात तिच्यावर, 'नंतर उलटा सरकला' (ताणात खचलेली बाजू पुढे दाबाखाली परत वर चढली) असा बाण ठोकून दिलायस. जरा दमानं घे.

फ्रेंच आल्प्समधला ओर्नोन फॉल्टच बघ. ज्युरासिक काळात टेथिस हा प्राचीन समुद्र उघडत होता, तेव्हा ताणामुळे या फॉल्टची पूर्वेची बाजू खचली. पूर्वेला बूर्ग-द्वाझाँच्या बाजूला गाळाचे जाडजूड थर साचले, पश्चिमेच्या ताइफेर या कठीण खडकाच्या उंच ठोकळ्यावर मात्र पातळ. म्हणून आधी हे मोज: एकाच वयाचा थर फॉल्ट ओलांडताच जाड होतो का? होत असेल तर फॉल्ट थर साचतानाच हलत होता.

पुढे आल्प्स उभे राहताना दाब आला. पण ६० अंशांच्या आसपासचा चढा फॉल्ट दाबाखाली सरकायला कुरकुर करतो, त्या हालचालीला ३० अंशांचा उतार मानवतो. मग फॉल्ट उलटा सरकण्याऐवजी ताइफेरचा कठीण खडक भिंतीसारखा आडवा आला आणि मऊ थर त्याच्या अंगाशी रेटले जाऊन चुरगळले. घड्या पडल्या, खडक पाटीसारखा पापुद्र्यांत फुटू लागला. त्या भागातले बेलेम्नाइट (माकुळासारखा नामशेष समुद्री प्राणी) जीवाश्म ओढले जाऊन तुटलेत, तुकड्यांमधल्या फटींत पांढरे स्फटिक भरलेत. (भिंग खिशात ठेवत जा, किती वेळा सांगू?)

याउलट कच्छ. तीही मेसोझोइक (डायनोसॉरांच्या काळातली) खचदरी, आज दक्षिणोत्तर दाबाखाली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात हालचाल उलट्या फॉल्टचीच होती, तीही बऱ्यापैकी चढ्या प्रतलावर. खोलवर पाण्याचा दाब वाढला की चढा फॉल्टही सैल पडू शकतो.

तेव्हा ते बाण खोड आणि थरांची जाडी मोजून आण.