वाचकांचे प्रश्न: डेटाबेसच्या कामाला एडिटर कोणता?

प्रश्न: आम्ही दोघं दर्यापूर तालुक्यातल्या जिनिंगसाठी कापसाची आवक आणि काटापट्टीचं सॉफ्टवेअर पीएचपी-मायएसक्यूएलमध्ये लिहितो. आजवर नोटपॅड प्लस प्लसवर भागलं, पण आता टेबलं साठच्या वर गेली आणि कॉलमची नावं लक्षात राहत नाहीत. लॅपटॉप ४ जीबी रॅमचे, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि लाइन कधीही जाते. सगळ्या सोयी असलेला एकच एडिटर सुचवा.

उत्तर: ‘एकच’ हा हट्ट सोडा. कोड लिहायला व्हीएस कोड आणि डेटा पाहायला डीबीव्हर कम्युनिटी, दोन्ही फुकट आहेत. व्हीएस कोडला एसक्यूएलटूल्स हे एक्स्टेंशन जोडलं की टेबल-कॉलमची नावं टाइप करतानाच समोर येतात, म्हणजे तुमची मुख्य अडचण तिथेच सुटते. पण साठ टेबलांचे एकमेकांशी संबंध आकृतीत पाहायचे, एका सेलमधला आकडा दुरुस्त करायचा, निकाल एक्सेलला द्यायचा, यात डीबीव्हर कितीतरी सरस आहे.

४ जीबीवर दोन्ही चालतात, मात्र एक्स्टेंशनची हौस आवरा. पीएचपीसाठी एक, एसक्यूएलटूल्स आणि त्याचा मायएसक्यूएल ड्रायव्हर (एडिटरला डेटाबेसशी जोडणारा भाग), एवढ्यावर थांबा. ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तो राहिला की जोडणीच्या यादीत मायएसक्यूएल दिसतच नाही आणि माणूस एक्स्टेंशनलाच दोष देत बसतो. डीबीव्हर एका वेळी २०० ओळीच आणतो. हा आकडा वाढवू नका, रॅम तिथेच खपते. कित्येक एमबीची बॅकअपची एसक्यूएल फाइल कोणत्याही एडिटरमध्ये उघडून चालवू नका. ती कमांड लाइनवरून थेट मायएसक्यूएलला द्या.

नेटचं काम तालुक्याच्या गावी चांगलं नेट मिळेल तेव्हा एकदाच उरका. व्हीएस कोडच्या एक्स्टेंशन यादीत उजवं क्लिक करून व्हीएसआयएक्स फाइल, म्हणजे एक्स्टेंशनचं इन्स्टॉल पॅकेज, उतरवता येते. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या लॅपटॉपवर एक्स्टेंशनच्या तीन टिंबांच्या मेनूतून ‘इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स’ करा. डीबीव्हरची गोम वेगळी आहे. तो नुसता इन्स्टॉल करून भागत नाही, कारण डेटाबेसचा ड्रायव्हर तो पहिल्यांदा जोडणी करताना नेटवरून उतरवतो. म्हणून नेट असतानाच एकदा ‘टेस्ट कनेक्शन’ दाबा. हे राहिलं की जिनिंगवर ऐन हंगामात, गाड्यांची रांग लागलेली असताना, जोडणीच होत नाही.

लाइन जाते म्हणून व्हीएस कोडमध्ये ऑटो सेव्ह ‘आफ्टर डिले’वर ठेवा, मुळात ते बंद असतं. टाइप करणं थांबलं की सेकंदाभरात फाइल जतन होते. चुकीचं काही जतन झालंच तर डाव्या पट्टीतल्या ‘टाइमलाइन’मध्ये त्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या सापडतात. नोटपॅड प्लस प्लस काढून टाकू नका. एखादी फाइल झटकन उघडून पाहायला त्याच्याइतकं हलकं दुसरं काही नाही.

एक धोका मात्र आजच तपासा. एसक्यूएलटूल्स जोडणी नोंदवताना पासवर्डचं विचारतो. तिथे साध्या अक्षरांत जतन करण्याचा पर्याय निवडला असेल तर पासवर्ड प्रकल्पाच्या सेटिंग्ज फाइलमध्ये उघडा पडतो, आणि प्रकल्प गिटवर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी यंत्रणा) चढवला की पासवर्डही चढतो. ‘आस्क ऑन कनेक्ट’ निवडा.

प्रश्न: एका शेतकऱ्याचा दर दुरुस्त करायला मायएसक्यूएलमध्ये अपडेट चालवलं आणि सगळ्या शेतकऱ्यांचा दर बदलला. व्हेअर (कोणती नोंद बदलायची ती अट) लिहिलेलं होतं, आजही फाइलमध्ये दिसतं. असं कसं झालं? रोलबॅक करून बदल मागे घ्यायला गेलो, तरी काही उपयोग झाला नाही.

उत्तर: फाइल पुन्हा उघडा आणि सेटची ओळ व व्हेअरची ओळ यांच्यामध्ये रिकामी ओळ आहे का ते बघा. डीबीव्हरमध्ये एक सेटिंग आहे, ज्यात रिकामी ओळ म्हणजे आज्ञा संपली असं धरलं जातं. मग कर्सर वरच्या भागात ठेवून कंट्रोल-एंटर दाबलं की व्हेअरविना अर्धीच आज्ञा जाते, आणि ती व्याकरणाने बरोबर असल्यामुळे सर्व्हर मुकाट पाळतो. प्रेफरन्सेसमध्ये एसक्यूएल प्रोसेसिंगखाली ‘ब्लँक लाइन इज स्टेटमेंट डिलिमिटर’ हे ‘नेव्हर’ करा आणि प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यायची सवय लावा. इतर एडिटरांतही हाच प्रकार होतो, तो माउसने अर्धी आज्ञा निवडून चालवल्यामुळे.

रोलबॅक न होण्याची दोन कारणं असू शकतात. ऑटो-कमिट चालू असेल तर बदल त्याच क्षणी पक्का होतो. डीबीव्हरमध्ये जोडणीचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ ठेवा, म्हणजे खिडकीला वेगळा रंग येतो, आणि कमिट ‘मॅन्युअल’ करा. दुसरं कारण टेबलाचं इंजिन, म्हणजे मायएसक्यूएल ते टेबल ज्या पद्धतीने साठवतो ती पद्धत. मायएसक्यूएल ५.५ पासून नवं टेबल आपोआप इनोडीबीत बनतं, पण जुन्या प्रकल्पांतून आलेली टेबलं मायआयसॅममध्येच राहिलेली असतात, आणि मायआयसॅमला रोलबॅक ठाऊकच नाही. ‘शो टेबल स्टेटस’ चालवून इंजिनचा रकाना वाचा. बदलायचं असेल तर आधी बॅकअप घ्या.

डीबीव्हरमध्ये जोडणीच्या ‘बूटस्ट्रॅप क्वेरीज’मध्ये (जोडणी होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञा) ‘एसक्यूएल_सेफ_अपडेट्स’ हे चल (व्हेरिएबल) १ करून ठेवा. मग व्हेअरविना आलेलं अपडेट वा डिलीट मायएसक्यूएल त्रुटी ११७५ देऊन परत पाठवतो. थोडी कटकट होते, कारण व्हेअरमध्ये ‘की’ (इंडेक्स) नसलेला कॉलम असला तरी तो अडवतो. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब असलेल्या टेबलावर ती कटकट हवीच.

प्रश्न: पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ‘कुऱ्हा’ गावचे शेतकरी शोधले की निम्मेच येतात. एडिटरमध्ये दोन्ही नावं अगदी सारखी दिसतात. फॉन्ट बदलावा का?

उत्तर: फॉन्टचा काही संबंध नाही. हा ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून मिळणारा ऱ, मग हलंत, मग ह, हा एक. दुसरा म्हणजे साधा र, हलंत, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर फरक दिसत नाही, पण नेहमीच्या तुलनेत पोस्टग्रेससाठी ही दोन वेगळी नावं आहेत. कॅरेक्टर लेंग्थ काढा: पहिल्या रूपाची ६ येईल, दुसऱ्याची ७.

दुरुस्तीसाठी रिप्लेस वापरा. ‘र्’ला सीएचआर ८२०५ (तेच अदृश्य जोडचिन्ह) जोडून जे बनतं, त्या जागी ‘ऱ्’ घाला. आधी सिलेक्टमध्ये निकाल पाहा, मग अपडेट करा. कोडच्या फाइलींत ते चिन्ह शोधायचं असेल तर व्हीएस कोडच्या शोधात रेजेक्स (नमुन्याने शोध) चालू करून बॅकस्लॅश, रोमन यू आणि २००डी लिहा. ‘बऱ्हाणपूर’, ‘वऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ अशी सगळी नावं आणि आडनावं याच फेऱ्यात सापडतात, तेव्हा एका गावावर थांबू नका.

पुढे हे टाळायचं तर गावाचं नाव हाताने टाइप करूच देऊ नका. गावांचं वेगळं टेबल करा, त्यात केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड ठेवा, आणि शेतकऱ्याच्या नोंदीत फक्त तो कोड जाऊ द्या.