हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ : नवशिक्यासाठी पहिला हिशेब

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणे ही सुरुवातीची नेहमीची चूक आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग पृथ्वीगोलावर दोरा ताणला की दिसतो आणि तोच नकाशावर वाकडा भासतो. आलेल्या किलोमीटरांना ८५० ने, म्हणजे विमानाच्या ताशी किलोमीटरमधल्या साधारण वेगाने, भागा म्हणजे तास मिळतील; त्यात चढणे, उतरणे व धावपट्टीपर्यंत जाणे यांसाठी अर्धा तास मिळवा. एवढा अंदाज तुम्हाला सहज जमेल. वाऱ्याला मात्र विसरू नका : लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर असून पश्चिमेकडे जाताना, समोरच्या जोरदार वाऱ्यामुळे, परतीपेक्षा साधारण तासभर अधिक लागतो. तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. विमानांच्या प्रकारांचे बारकावे तूर्त बाजूला ठेवावेत.