अंतिपा ‘साक्षी’ का, ‘हुतात्मा’ का नाही?

प्रश्न असा आलाय: ‘बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, पर्गमच्या अंतिपाला “साक्षी” आणि “विश्वासू” म्हटलंय. तो तर श्रद्धेपायी मारला गेला. मग सरळ “निष्ठावंत हुतात्मा” का लिहू नये?’

माझं मत विचाराल तर लिहू नये.

मूळ ग्रीक शब्द ‘मार्तुस’. इंग्रजीतला ‘मार्टर’ त्यातूनच आला, पण पहिल्या शतकात त्याचा रोजचा अर्थ साक्षीदार एवढाच होता. मरणाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. कसा, ते स्मुर्ण्याच्या (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) पॉलिकार्पच्या हकिगतीत दिसतं. काळ इ.स. 155 च्या आसपासचा. भरल्या क्रीडांगणात रोमन सुभेदार म्हाताऱ्या बिशपला म्हणतो, सीझरची शपथ घे, ख्रिस्ताची निंदा कर, लगेच सोडतो. म्हातारा उत्तर देतो: 86 वर्षं त्याची चाकरी केली, त्याने माझं काही वाकडं केलं नाही, आता त्याची निंदा कशी करू? मग दवंडीवाला मैदानाच्या मधोमध जाऊन तीनदा पुकारतो की पॉलिकार्पने आपण ख्रिस्ती असल्याचं कबूल केलंय. त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी बिथिनिया प्रांताचा (तोही आजच्या तुर्कस्तानात) सुभेदार प्लिनी रोमन सम्राट त्राजानला कळवतो, की या लोकांना मी तीन-तीनदा विचारतो आणि तरी हेका न सोडणाऱ्यांना देहदंड देतो. दोन्हीकडे जबानी आधी, शिक्षा नंतर.

‘हुतात्मा’त ही जबानी येत नाही. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. सावरकरांनी घडवलेला हा शब्द झकास आहे, पण माणसाने काय दिलं ते तो सांगतो, काय म्हटलं ते नाही. त्या मानाने अरबीतून आलेला ‘शहीद’ जवळचा, त्याचं मूळही साक्ष देण्यातच आहे.

आता ‘साक्षी’. पाणिनीच्या हिशेबाने जो स्वतः पाहतो तो साक्षी. पॉलिकार्प तर ख्रिस्ताला वधस्तंभावर दिल्यानंतर जन्मलेला. म्हणजे भर पाहण्यावरून सांगण्यावर सरकला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चच्या उपासनासभांतून) आजही कुणी उभं राहून ‘साक्ष देतो’, तेव्हा प्रभूने आपल्यासाठी काय केलं तेच सांगत असतो. वकील समोर नसतो, इतकंच.

‘विश्वासू’बद्दलची शंका रास्त आहे. आपल्या कानाला तो तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे द्यावी असा दिवाणजी वाटतो. पण ग्रीक ‘पिस्तोस’ तसाच आहे: येशूच्या दाखल्यातला, धन्याची रक्कम सांभाळणारा ‘भला व विश्वासू दास’ आणि ‘मरेपर्यंत विश्वासू राहा’ हा प्रकटीकरणातच स्मुर्ण्याच्या मंडळीला दिलेला निरोप, दोन्हीकडे तोच शब्द. ‘निष्ठावंत’ म्हटलं की हल्ली तिकीटवाटपच आठवतं, त्याला काय करणार!

मरण दाखवायचंच असेल तर चर्चच्या मराठीत ‘रक्तसाक्षी’ आहे. मल्याळममध्ये तर कम्युनिस्टही आपल्या मृत कार्यकर्त्यांना हाच शब्द लावतात. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला इतर 25 जणांसोबत क्रुसावर मारले गेले, 1862 मध्ये संत ठरले. त्यांना खुशाल रक्तसाक्षी म्हणा. अंतिपाच्या ओळीत मात्र ‘साक्षी’च राहू द्या, कारण मारला गेल्याचं ती ओळ पुढे वेगळं सांगतेच.