अमेरिकेत मित्रासोबत टर्कीच्या शिकारीला पहिल्यांदा जाताना काय लक्षात ठेवावं?

मी पेनसिल्व्हेनियात मे महिन्यात मित्रासोबत जातो, त्यावरून सांगतो. उजाडायच्या आत जागेवर पोचा. टर्की रात्री झाडावर बसतात; झुंजुमुंजू झालं की नर वरूनच ओरडतो. तो गडगडाट जवळून ऐकला की छातीत धस्स होतं! मग मादीचा आवाज काढायचा. लाकडी डबीवर झाकण घासलं की तो हुबेहूब उमटतो. पण नराने उत्तर दिलं की हात आवरा. फार वाजवलंत तर तो मादीच आपल्याकडे येईल म्हणून जागीच थांबतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर अजिबात नको, मोजेसुद्धा नकोत. नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं, त्यामुळे दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजू शकतो. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसा. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने हाक मारा. वसंतात इथे फक्त दाढीवाला पक्षी मारता येतो, त्यामुळे छातीवरचा तो काळा झुपका स्पष्ट दिसेपर्यंत चापावर बोट नको. आणि मित्र नेमका कुठे बसलाय हे अंधारातच ठरवून घ्या.