शिळाछाप निसर्गचित्रांना 'कोरीवचित्रे' म्हणावे का?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात लिथोग्राफीने, म्हणजे शिळाछाप पद्धतीने, छापलेल्या निसर्गचित्रांना मराठीत 'कोरीवचित्रे' म्हणता येईल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते म्हणू नये. लाकडी ठशात नको असलेला भाग कोरून काढतात आणि उरलेल्या उंचवट्यांना शाई लागते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या किंवा आम्लाने खाल्लेल्या खाचांत शाई भरून पृष्ठभाग पुसून घेतात. आलोइस झेनेफेल्डर याने १७९० च्या दशकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये सिद्ध केलेल्या या शिळाछाप पद्धतीत मात्र चुनखडीच्या सपाट शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढून शिळा ओली करतात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नसल्याने छपाईची शाई फक्त रेखाटनालाच धरते; म्हणजे येथे कोरणे नाहीच.

घोटाळा होण्याला कारणही आहे. जर्मन वास्तुकार व चित्रकार शिंकेलचे १८१० मधील झाडांआडचे गॉथिक चर्च शिळेवर शाईच्या टाकाने रेखलेले असून, त्यातील बारीक रेषांची छाया आम्लाने कोरलेल्या ताम्रपटाची आठवण करून देते. खडूचे खरे सामर्थ्य पाहावे ते इंग्रज चित्रकार बॉनिंग्टनने १८२४ मध्ये काढलेल्या फ्रान्समधील रुआँ शहरातील रस्त्याच्या दृश्यात.

अ‍ॅक्वाटिंट (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने छटा उमटवून केलेला छाप) आणि खडूचे शिळाछाप यांत नवख्याची सहज फसगत होते. चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून चित्रकार थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेली वेरूळच्या लेण्यांची दृश्ये अ‍ॅक्वाटिंट आहेत. या तंत्रात पत्र्यावरील राळेच्या कणांभोवतीचा भाग आम्ल खाते, म्हणून भिंगातून पांढऱ्या ठिपक्यांभोवती काळी जाळी दिसते. खडूच्या शिळाछापात याच्या उलट, पांढऱ्या कागदावर सुटे काळे दाणे दिसतात. शिवाय अ‍ॅक्वाटिंटचा कागद छाटलेला नसेल, तर तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा दाब त्यावर उमटलेला असतो.

'शिळाछाप' हा शब्द गणपत कृष्णाजींच्या मुंबईतील छापखान्यातून निघालेल्या पंचांगांमुळे आणि पोथ्यांमुळे मराठीत केव्हाच रुळलेला आहे. 'शिलालेख' या शब्दामुळे शिळा म्हटली की कोरणे मनात येते, ही त्यातली एकच अडचण; तरीही 'शिळाछाप निसर्गचित्र' हेच मी सुचवीन, आणि तंत्र नक्की माहीत नसेल तेथे 'मुद्राचित्र' म्हणावे. अपवाद एवढाच की, शिळेवर खरोखर कोरून छापण्याचाही एक प्रकार होता व तो नकाशांसाठी वापरला जाई; त्या छापांना 'कोरीव' हे विशेषण अवश्य लावावे.